टाकीचं पोट

बंबकाकांचे हात रिकामे राहिले की घरातल्या कुठल्या ना कुठल्या जिवावर बेततं. हे मी म्हणत नाही, त्यांची बायको म्हणते, आणि पुरावे तिच्या जिभेवर तयार असतात. खिडकीतलं रोप त्यांनी पाणी घालघालून कुजवलं. दारातल्या मांजरीला इतकं दूध पाजलं की उंदीर समोरून गेला तरी ती नुसती मान वळवून बघते. पाहुण्याला वाढायला लागले की ‘पुरे’ हा शब्द त्यांना ऐकूच येत नाही. “अहो, माणसाला जेवायला बोलावलंय, पोतं भरायला नाही,” असं बायको म्हणते आणि ते आणखी एक डाव वाढतात. मनात पाप नाही हो त्यांच्या. उलट मायाच आहे, पण अशी की समोरच्याने ताट घेऊन पळून जावं.

ही खोड लागली बॉयलरवर. मिसरूड फुटलं तेव्हा ते कापड रंगवण्याच्या गिरणीत शिरले ते केस पिकल्यावरच बाहेर आले. काम एकच. बॉयलरला कोळसा घालायचा आणि वाफ चढती ठेवायची. वर रंगखात्यात शेकडो माणसं, मोठमोठे हौद, गरम पाण्यात फिरणारे कापडाचे तागे, आणि या सगळ्याचा जीव खालच्या त्या भट्टीत. काटा जरा खाली आला की फावडं उचलायचं. ज्योत मंदावली, फावडं. धूर पांढरा पडला, तरी फावडंच. आगीच्या कुठल्याही कुरकुरीला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, आणखी घाल. आणि खरं सांगायचं तर तिथे ते उत्तर कधी चुकलं नाही. सकाळचा भोंगा वाजायच्या आत वाफ तयार, ही त्यांची ख्याती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही हे गृहस्थ पहाटे भट्टीपुढे हजर होते. बायको ते अजून ऐकवते, आणि तिला तो हक्क आहे.

पुढे धुराचे नियम आले, कोळसा महागला, गिरणीची चिमणी थंड झाली. बंबकाका घरी बसले आणि त्या दिवसांतच ते रोप मेलं. बायकोनेच मग इकडे तिकडे शब्द टाकला आणि एका वृद्धाश्रमात काम निघालं. आश्रम मोठा होता. दोन मजले, लांब व्हरांडे, मागे भाजीचा मळा. आंघोळीचं पाणी छपरावर उन्हाने तापायचं, रात्रीचे दिवे छपरावरच्याच काळ्या सौर तावदानांवर चालायचे, आणि स्वयंपाकाच्या गॅससाठी मागच्या अंगणात नुकतीच एक टाकी बांधली होती. ती राखायला माणूस हवा होता.

पहिल्या दिवशी ते नवा सदरा घालून आले आणि टाकी बांधणाऱ्या इंजिनिअर मॅडमना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुमचा बंब कुठाय?”

मॅडमनी टाकी दाखवली. जमिनीत विहिरीसारखा खोल हौद, आणि त्यावर पालथ्या पातेल्यासारखं लोखंडी झाकण तरंगत असलेलं.

“हा? आणि यात आग कुठाय?”

“आग स्वयंपाकघरात, काका,” मॅडम हसून म्हणाल्या. “इथे नुसतं पोट आहे.”

व्हरांड्यात बसलेल्या म्हाताऱ्यांनी हे ऐकलं आणि त्यांचं नाव बंबकाका पडलं. ते आजतागायत निघालं नाही.

मॅडमनी पोटाचं शास्त्र समजावून सांगितलं. स्वयंपाकघरातली सालं, देठं, उष्टं-खरकटं दळून त्याचा पातळ लगदा करायचा आणि सकाळी टाकीत ओतायचा. आत बारीक जिवाणू आहेत, ते तो खातात आणि गॅस सोडतात. गॅस साठला की झाकण वर उचलतं, वापरला की खाली बसतं. उरलेला रेंदा मळ्याला खत. “पण मोजून एक पिंप. त्यावर एक वाटीसुद्धा नाही. जास्त झालं तर यांना पचत नाही. पोट आंबतं.”

“आणि पिंप ओतल्यावर?”

“बांबूने ढवळायचं.”

“मग?”

“मग काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पिंप.”

बंबकाकांनी मान डोलावली, पण चेहरा पडला. घरी जाऊन बायकोला म्हणाले, “कसली नोकरी ही? ना धग, ना आवाज. पालथ्या पातेल्याकडे बघत बसायचं.”

“बसा की जरा,” बायको म्हणाली. “आयुष्यभर कुठे बसलात?”

उन्हाळा सरळ गेला. उकाड्यात टाकीला भूक चांगली लागते. झाकण सकाळी वर चढलेलं असायचं, स्वयंपाकघरातल्या चारही शेगड्या निळ्याभोर पेटायच्या, आणि आचारी खुश. हा आचारी म्हणजे भरदार देहाचा, भरदार आवाजाचा माणूस. त्याला हळू बोलता येत नाही. मीठ मागितलं तरी भांडण लागल्यासारखं वाटतं. पण जेवण वेळेवर गेलं की तोच माणूस लोण्यासारखा मऊ.

थंडी पडली आणि गाडं बिघडायला लागलं. गारठ्यात ते जिवाणूही अंग आखडून बसतात, गॅस कमी होतो. मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. थंडीत ज्योत उतरेल, घाबरू नका, लागला तर विकतचा सिलिंडर जोडून घ्या. पण सांगणं वेगळं आणि समोर काटा उतरताना बघणं वेगळं. झाकण रोज थोडं थोडं खाली बसायला लागलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, “बंबकाका! ही काय ज्योत आहे? यावर भात शिजायचा की नुसता ऊब घेत बसायचा?”

झालं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर ते गुपचूप स्वयंपाकघरात गेले. शिळा पाव, उरलेला भात, उकडलेले बटाटे, जे हाताला लागलं ते गोळा केलं, दळलं आणि टाकीत ओतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. ताकास तूर लागू दिली नाही.

आणि गंमत अशी, की झाकण वर आलं! दोन-चार दिवस ज्योत अशी फुलली की आचारी अंगणात येऊन पाठ थोपटून गेला. “काका, तुमचा हात लागला हो टाकीला!” बंबकाका त्या संध्याकाळी घरी गाणं गुणगुणत गेले. बायकोने ओळखलं, काहीतरी घोटाळा आहे. एरवी हा माणूस गाणं म्हणत नाही.

मग एका सकाळी झाकण वर चढलेलं असूनही शेगडी पेटेना. काडी लावली की ज्योत उडी मारायची आणि विझायची. गॅस होता, पण जळणारा नव्हता. बंबकाकांनी काय करावं? आणखी घातलं. अति तिथे माती, हे आपण लहानपणी घोकतो. पण हातांना कोण शिकवणार? पुढच्या दोन दिवसांत टाकीला आंबट वास सुटला, झाकण खाली बसलं ते बसलंच. आचाऱ्याने सिलिंडर जोडला आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं.

मॅडम आल्या. कागदाची एक पट्टी टाकीतल्या पाण्यात बुडवली. पट्टी लाल झाली, म्हणजे पोट आंबलेलं.

“काका, किती घालत होता?”

“एक पिंप,” बंबकाका म्हणाले, आणि लगेच, “दुप्पट. कधी तिप्पट. ज्योत उतरत होती, मॅडम. मी काय करणार?”

मॅडम रागावल्या नाहीत, त्यामुळे त्यांना जास्तच लागलं. “काही करायचं नव्हतं काका,” त्या म्हणाल्या. “आताही काही करायचं नाही. थोडा चुना आणि दुसऱ्या चांगल्या टाकीतला रेंदा मी घालते. मग बंद. एक घाससुद्धा नाही.”

“किती दिवस?”

“पट्टीचा रंग सुधारेपर्यंत. तोवर हिला उपाशी ठेवायचं.”

आता हे ऐका. या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं. भट्टीला नाही, मांजरीला नाही, पाहुण्याला तर नाहीच. आणि आता रोज सकाळी कामावर यायचं ते काहीही न घालण्यासाठी. सवयीने पिंप उचलायचे, टाकीपर्यंत न्यायचे आणि परत आणून खताच्या खड्ड्यात रिते करायचे. मग स्टुलावर बसायचं आणि पालथ्या पातेल्याकडे बघायचं. रिकामे हात मांड्यांखाली दाबून बसायचे, थंडीमुळे असेल असं लोकांना वाटायचं.

व्हरांड्यात पत्त्यांचा अड्डा होता. त्यात भूगोल शिकवलेले एक मास्तर आणि इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर मुख्य. मास्तर रोज वरून विचारायचे, “काय बंबकाका, पेशंट काय म्हणतोय?”

“पेशंट गप्प आहे.”

“मग बरा होतोय,” सिस्टर म्हणायच्या. “बोंबलणारा पेशंट डॉक्टरला औषधं द्यायला लावतो. गप्प पडला की आपोआप सुधारतो.”

बंबकाकांना हे पटायचं नाही. ते घरी जाऊन बायकोपुढे बसायचे. “मेली तर?”

“मेली तर मेली. तुम्ही तिला भरवून मारायला निघाला होता, आता निदान सुखाने मरेल.” मग त्यांचा चेहरा बघून ती नरमायची. “अहो, मला मागे ताप आला होता तेव्हा तुम्ही दर तासाला पेज आणत होता. आठवतं? मी तुम्हाला शेवटी काय म्हणाले?”

“जा म्हणालीस.”

“आणि तुम्ही गेलात तेव्हा मला झोप लागली. सकाळी ताप उतरला होता.”

त्या रात्री मांजरीला एकच वाटी दूध मिळालं.

टाकी बरी व्हायला महिन्याच्या वर गेलं. एक दिवस पट्टी हिरवी आली. मॅडमनी अर्ध्या बादलीपासून सुरुवात करायला सांगितलं, आणि उन्हं तापायला लागली तशी एका पिंपावर गाडी आली. शेगड्या पुन्हा निळ्या झाल्या. पण आश्रमाच्या विश्वस्तांची बैठक झाली आणि त्यांनी मॅडमना स्पष्ट सांगितलं. एकदा झालं ते झालं. पुन्हा आंबली तर खड्डा मातीने बुजवायचा आणि कायमचे सिलिंडर घ्यायचे. रोजची कटकट नको. आणि टाकीच नाही म्हटल्यावर ती राखणारा तरी कशाला?

बंबकाकांनी हे उभ्याने ऐकून घेतलं. या वयात आणखी कुठे काम मिळणार, हा भाग होताच. पण तेवढंच नव्हतं. त्या पालथ्या पातेल्याचा त्यांना लळा लागला होता. एक भट्टी डोळ्यांदेखत थंड झालेली त्यांनी पाहिली होती. दुसरी आपल्याच हाताने विझली तर आपण माणसांत बसायच्या लायकीचे राहणार नाही, असं त्यांना वाटत होतं, आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

वर्ष फिरलं. दुसरी थंडी आली, आणि ही पहिलीपेक्षा कडक. झाकण बसत बसत पार खाली आलं. त्यात एका सकाळी जोडीचा सिलिंडरही संपला, नवा दुपारनंतर येणार होता. चारपैकी एकच शेगडी धड पेटत होती, दुसरी नुसती मिणमिणत होती.

“काका!” आचारी खिडकीतून अर्धा बाहेर आला. “माणसं जेवायची आहेत इथे! ही ज्योत घेऊन मी काय करू? दिवाळं काढणार तुम्ही माझं! घाला काहीतरी आत, मागच्यासारखं!”

“मागच्यासारखं घातलं तर मागच्यासारखंच होईल,” बंबकाका म्हणाले.

ठरलेलं पिंप त्यांनी ओतलं होतं, ढवळून झालं होतं. शेजारी भाताच्या निवळीची आणि शिळ्या पावाची दळून ठेवलेली एक बादली होती. ती उद्याच्या पिंपात जायची होती. बंबकाकांनी ती उचलली. उचलली म्हणजे ठरवून नाही, हात आपसूक गेला. जित्याची खोड म्हणतात ती हीच. बादली टाकीच्या तोंडापर्यंत आली. ओतली की चार दिवस ज्योत फुलेल, जेवण वेळेवर जाईल, आचारी पाठ थोपटेल. आणि पाचव्या दिवशी माती भरलेली गाडी फाटकातून आत येईल. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही हात मागे येईना.

“ओता की!” आचारी ओरडला.

बंबकाका वळले. तरातरा मळ्याकडे गेले आणि बादली खताच्या खड्ड्यात उलटी केली. हातात राहिली असती तर ओतली गेली असती, एवढं ते स्वतःला ओळखून होते. मग रिकामी बादली खाली ठेवून ते आचाऱ्याकडे आले.

“आज एवढीच ज्योत आहे. एका शेगडीवर काय होईल ते कर. उशीर होईल.”

“उशीर? आणि लोकांना कोण सांगणार? मी नाही जायचा.”

“मी सांगतो.”

सांगतो म्हणाले खरे, पण भोजनगृहाकडे जाताना ते वाटेत दोनदा थांबले. याचं कारण आश्रमात कुणालाच माहीत नव्हतं. गिरणीत नवे असताना एकदा, फक्त एकदा, कोळसा भिजका निघाला होता आणि वाफ चढली नव्हती. भोंगा वाजला. रंगखात्यातली माणसं कामाला उभी राहिली आणि हौद थंड. तेव्हा ती सगळी माणसं जिन्यावर येऊन उभी राहिली होती. कुणी शिवी दिली नाही. नुसती हाताची घडी घालून खाली भट्टीपुढच्या त्या पोराकडे बघत राहिली. ते बघणं बंबकाकांना आजपर्यंत सोसलेलं नाही. त्यानंतरची प्रत्येक पहाट, प्रत्येक फावडं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची ती हजेरीसुद्धा, सगळं त्या एका बघण्याच्या भीतीपोटी होतं. ख्याती वगैरे लोक म्हणायचे. ते नुसते घाबरलेले होते.

भोजनगृहात माणसं येऊन बसली होती. पाण्याचे पेले मांडलेले, ताटं पालथी. बंबकाका दारात उभे राहिले.

“जेवण उशिरा आहे,” ते म्हणाले. जरा जास्तच मोठ्याने. “थंडीमुळे टाकीला गॅस कमी आहे. आणखी घातलं तर ती मरेल. म्हणून मी घातलं नाही. मीच घातलं नाही. चांगला तासभर उशीर होईल.”

आणि ते वाट बघत उभे राहिले.

कोपऱ्यातल्या आजोबांनी कानामागे हात धरून शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणतोय हा? शेजाऱ्याने सांगितलं. “बरं,” आजोबा म्हणाले आणि पुन्हा डुलक्या घ्यायला लागले. दोन बायका उठून बाहेर उन्हात जाऊन बसल्या. मास्तरांनी खिशातून पत्ते काढले.

“छान झालं,” सिस्टर म्हणाल्या. “मघाचा डाव अर्धाच राहिला होता, आणि मी जिंकत होते.”

“स्वप्नात,” मास्तर म्हणाले.

बंबकाका तसेच दारात. “एवढंच?” ते म्हणाले.

“एवढंच म्हणजे?”

“अहो, तासभर उशीर आहे म्हणतोय मी! ओरडा की कुणीतरी!”

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बंबकाका, आमच्यापैकी कुणाची गाडी चुकतेय का? जेवलो की झोपायचं, तेही खुर्चीत. तासाने झोपू.”

सगळे हसले. बंबकाका हसले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा त्या लांबलचक खोलीभर नजर फिरवली. कुणीही हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत नव्हतं. कुणी विणत होतं, कुणी शिंकत होतं, कुणी शेजारणीला सुनेच्या कागाळ्या सांगत होतं. मग भिंतीला धरून ते जवळच्या खुर्चीत बसले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच बसत होते. डोळे पाण्याने भरले होते, ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीला पुसले आणि कुणापासून लपवायच्या भानगडीत पडले नाहीत.

सिस्टरांनी बघितलं. त्या काही विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

जेवण आलं ते तासाने नाही, त्याहूनही उशिरा. भात, बटाट्याची भाजी, बस्स. आचारी घामाघूम होऊन भांडी घेऊन आला आणि शिव्या खायच्या तयारीने दारातच थांबला. तक्रार एकच आली, भाजीत मीठ कमी आहे अशी, आणि ती रोजच येते.

जेवण आटोपल्यावर मास्तर बडीशेप चघळत म्हणाले, “उद्याही उशीर आहे का हो, बंबकाका?”

बंबकाका खुर्चीतून उठले. “थंडी राहिली तर उद्याही आहे. परवाही असेल.”

“मग सकाळीच सांगत जा. म्हणजे डाव मोठा मांडता येईल.”

“सांगेन,” ते म्हणाले.

त्यानंतरची ती सगळी थंडी भोजनगृहाच्या दारावर सकाळी एक माणूस येऊन उभा राहायचा आणि टाकीची तब्येत मोठ्याने सांगायचा. आज दोन शेगड्या. आज एकच. आज नेहमीसारखं. कुणी ऐकायचं, कुणी नाही. ऊन तापेपर्यंत टाकी आंबली नाही.